सकाळपर्यंत पाणी नाही

विमानात पाठ केलेले अठरा शब्द.
आल्मा म्हणजे सफरचंद, आयू म्हणजे अस्वल,
कार म्हणजे बर्फ, सू म्हणजे पाणी,
केल : ये, इकडे ये.
आन्शोने ते तळहातावर लिहून घेतले होते,
शिंपल्यांच्या दोरांनी चिरत आलेल्या तळहातावर,
निम्मे घामात गेले.

दुखतंय हा शब्द यादीत नव्हता.
चौदा दिवसांच्या भेटीगाठींसाठी
सुचला नव्हता कुणाला.

नवव्या दिवशी येरासिलने अस्वल भिरकावलं
आणि गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर आडवा झाला.
आउरादी, म्हणाला. आउरादी, आउरादी.
मी सफरचंद पुढे केलं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
आन्शोलासुद्धा :
तो कळवळत होता
आणि मी फोडी करत होते.

किझिलोर्दाच्या रस्त्यावर उणे बावीस.
अरलकडून येणाऱ्या वाऱ्याला खारट चव,
अँब्युलन्सची एक खिडकी पुठ्ठ्याने बंद केलेली.
सर्जन पोरसवदा, बुटांवर निळ्या पिशव्या.
दुभाषी मेरुयेर्त एकेक वाक्य
गरम भांडं उचलावं तसं इकडून तिकडे नेत होती :
जांघेत आतडं अडकलंय.
काळं पडायच्या आत उघडायला हवं.
सही कोण करणार?

आम्ही दोघांनी एकदम पेनाकडे हात नेला.
मेरुयेर्तने या वेळी भाषांतर केलं नाही,
नुसती मान हलवली.
कोर्टाची तारीख एकोणीस. आज अकरा.
अजून आठ दिवस
आम्ही त्याचे कुणी नव्हतो.

सहीचा हक्क अनाथालयाच्या संचालकबाईंचा,
आणि बाई शिमकेंतच्या गाडीत,
मैलोन्‌मैल माळ, फोनला रेंज नाही.
"समुद्रात," आन्शो भिंतीला म्हणाला,
"आधी दोर कापतात, मग विचारतात
कुणाचा होता."
भिंत हिरवी होती, कंबरेपर्यंत ऑइलपेंट.

सत्तेचाळीस मिनिटांनी झामिल्याबाई आल्या, हाताखालच्या.
अंगात नवऱ्याचा कोट, पायांत घरातल्या सपाता,
सपातांवर बर्फ.
त्यांनी सही केली. शिक्का कापरा उमटला,
म्हणून पुन्हा मारला.
आईचं नाव या रकान्यात आडवी रेघ.
पट्टीने ओढल्यासारखी सरळ.
मी ती पाहिली, आणि स्ट्रेचर दाराआड गेलं.

रात्री वॉर्डात एका मुलामागे एकच बाई,
आई नाहीतर आजी, असा नियम.
नर्सने मला उंबऱ्यातच अडवलं.
मेरुयेर्त घरी गेली होती. मला काही सांगता येईना.
मी पिशवी वर करून दाखवली, तिच्यात त्याचे मोजे होते.
शेजारच्या खाटेवर नातवाला थोपटणारी म्हातारी
काहीतरी बोलली, लांबलचक,
नर्सला फैलावर घेतल्यासारखं.
त्यातला एकच शब्द मला कळला.
केल.

मी गेले.
तिने थर्मासच्या झाकणात दुधाचा चहा ओतला, त्यात मीठ होतं,
आणि माझी बोटं एकेक करून झाकणाभोवती मिटवली,
जणू मलाच सलाईन लावलंय.

तीनच्या सुमारास येरासिलने डोळे उघडले.
मला ओळखलं की नाही, कोण जाणे.
सू, म्हणाला.

हा शब्द येत होता मला.
नऊ दिवस पेला पुढे करून करून
आम्ही दोघांनी तो घोटला होता.
मी उठलेसुद्धा.
मग खाटेच्या दांडीला बांधलेला कागद दिसला :
पेल्याचं चित्र, त्यावर लाल फुली.

सू. सू.
म्हातारीने गॉझचा बोळा भिजवून दिला.
मी त्याच्या ओठांवरून फिरवला.
त्याने तो चोखला, दातांत धरला,
बोळ्याबरोबर माझं बोटही.
मी सोडवून घेतलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
विहीर पाठीमागे लपवलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

यादीतला अठरावा शब्द झोक. नाही.
तो वापरायचाच नाही, असं आम्ही विमानात ठरवलं होतं.

झोक, मी म्हणाले.
तो रडला, टाका ओढला गेला म्हणून आणखी रडला,
माझ्याच बाहीत तोंड खुपसून.
झोक, राजा. झोक.
खिडकीत उजाडायची काही चिन्हं नव्हती.